तांब्याचे राज्य आणि हिशेबाची वही

कायदे करणाऱ्यांनाच जो विकत घेऊ शकतो, त्या पैशाला कायद्याची वेसण घालावी कशी, हा लोकशाहीपुढचा जुना आणि अवघड प्रश्न आहे. कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागावी, असे आपण म्हणतो. अमेरिकेतील एका दूरच्या राज्यात हे कुंपण एकदा लोकांच्या डोळ्यांदेखत शेत खाऊन गेले. तेथील लोकांनी मग नवे कुंपण घातले. शंभर वर्षांनी तेही देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने उपटून टाकले. तरीही शेत ओसाड पडले नाही. असे का झाले, त्याची हकीकत आज मी आपल्याला सांगणार आहे.

या राज्याचे नाव मोन्टाना. अमेरिकेच्या उत्तर सरहद्दीवर, कॅनडाला लागून ते पसरले आहे. विस्ताराने ते आपल्या महाराष्ट्राहून मोठे. पण लोकवस्ती अवघी अकरा लाखांच्या आसपास. १८८९ साली त्याला अमेरिकेच्या संघराज्यात घटक राज्य म्हणून स्थान मिळाले. त्या सुमारास जगात विजेचे युग सुरू होत होते. विजेला तारा हव्यात आणि तारांना तांबे हवे. मोन्टानातील ब्यूट नावाच्या गावाखालचा डोंगर तांब्याने भरलेला होता. त्या तांब्याने काही माणसे अफाट श्रीमंत झाली आणि त्या श्रीमंतीची छाया राज्याच्या कारभारावर पडली.

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आपल्याकडे लोकसभा आणि विधानसभा या दोहोंच्या निवडणुका एकच निवडणूक आयोग घेतो आणि उमेदवारांच्या खर्चाचे नियमही सर्व देशाला एकाच कायद्याने लागू होतात. अमेरिकेत तसे नाही. राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेस यांच्या निवडणुकांतील पैशाचे नियम मध्यवर्ती सरकार करते. परंतु राज्याचा गव्हर्नर, राज्याचे विधिमंडळ आणि पुष्कळ ठिकाणी राज्याचे न्यायाधीशही ज्या निवडणुकांतून येतात, त्यांतील पैशाचे नियम ज्या त्या राज्याने करावयाचे असतात. ते पाळले जातात की नाही हे पाहणारी कचेरीही त्या राज्याचीच. म्हणून मोन्टानाची हकीकत ही त्या राज्याने स्वतःच्या हिमतीवर दिलेल्या झुंजीची हकीकत आहे.

ब्यूटच्या खाणींतून दोन धनाढ्य पुढे आले. एक विल्यम क्लार्क आणि दुसरा आयर्लंडहून आलेला मार्कस डेली. दोघांचे हाडवैर होते. राज्याची राजधानी हेलेना व्हावी की अ‍ॅनाकोंडा, याचा कौल १८९४ साली मतदारांनी द्यावयाचा होता. डेली अ‍ॅनाकोंडाच्या बाजूने आणि क्लार्क हेलेनाच्या बाजूने उभा राहिला. दोघांनीही पाण्यासारखा पैसा ओतला. थोड्या मतांनी हेलेना जिंकले. राज्याला राजधानी मिळाली. आणि मते पैशाने फिरविता येतात, हा धडाही त्याच वेळी सर्वांना मिळाला.

क्लार्कच्या मनात वॉशिंग्टनला, अमेरिकेच्या सिनेटात जावयाचे होते. त्या काळी सिनेटचे सभासद जनता निवडीत नसे. राज्याचे विधिमंडळ निवडीत असे. साऱ्या राज्यातील मतदारांना वश करण्यापेक्षा मूठभर आमदारांना वश करणे सोपे. १८९९ च्या जानेवारीत हेलेना येथे विधिमंडळ भरले, तेव्हा फ्रेड व्हाइटसाइड नावाचा एक सभासद चौकशी समितीपुढे उभा राहिला. त्याने समितीच्या हवाली काही पाकिटे केली. त्यांत एकेक हजाराच्या नोटा होत्या. एकंदर रक्कम ३०,००० डॉलर. क्लार्कला मते देण्यासाठी हा पैसा वाटला गेला, असे त्याचे म्हणणे होते. सभागृहात खळबळ उडाली. क्लार्कच्या बाजूच्यांनी हे सारे डेलीचे कारस्थान आहे, असा ओरडा केला. पुराव्याने कोणावर खटला भरता येत नाही, असा निर्वाळा तेथील ग्रँड ज्युरीने दिला. त्यानंतर काही दिवसांतच विधिमंडळाने ५४ मतांनी क्लार्कलाच सिनेटवर निवडले. लाच उघडकीस आणणाऱ्या व्हाइटसाइडची स्वतःची निवड मात्र वादात सापडली आणि त्याला सभागृह सोडून जावे लागले!

प्रकरण वॉशिंग्टनला गेले. सिनेटच्या समितीने साक्षीपुरावे घेतले. क्लार्कला या जागेचा हक्क पोहोचत नाही, असा निर्णय समितीने १९०० साली एकमताने दिला. सिनेटने बाहेर काढण्यापूर्वीच, त्या वर्षीच्या मे महिन्यात, क्लार्कने राजीनामा दिला. आणि मग जे झाले ते एखाद्या फार्साला शोभण्यासारखे आहे. मोन्टानाचे गव्हर्नर राज्याबाहेर गेलेले होते. त्यांच्या गैरहजेरीत लेफ्टनंट गव्हर्नरने रिकाम्या झालेल्या जागेवर पुन्हा क्लार्कचीच नेमणूक करून टाकली. गव्हर्नरांनी परत येऊन ती रद्द ठरविली. परंतु पुढच्याच वर्षी, म्हणजे १९०१ साली, नव्या विधिमंडळाने क्लार्कला रीतसर निवडून दिले आणि १९०७ पर्यंत तो सिनेटात मानाने बसला.

निवडणुकांची शुद्धता राखण्यासाठी मोन्टानाने १८९५ सालीच एक कायदा केलेला होता. कायदा होता, पण तो पाळला जातो की नाही हे पाहणे हेच ज्याचे काम आहे असा माणूस नव्हता. रखवालदारावाचून कुलूप लावावे, तशातला हा प्रकार झाला.

डेली १९०० साली वारला. त्याच्या खाणी तत्पूर्वीच न्यूयॉर्कच्या मोठ्या भांडवलदारांच्या कंपनीत विलीन झाल्या होत्या. लोक तिला नुसते ‘कंपनी’ म्हणत. व्यक्तीचा लोभ व्यक्तीबरोबर मावळतो. कंपनीला मरण नसते. १९०३ च्या ऑक्टोबरात न्यायालयाचे निकाल आपल्याविरुद्ध जाताहेत असे पाहून कंपनीने राज्यातील आपले सारे कामकाज एका दिवसात बंद केले. हिवाळा तोंडावर आलेला आणि हजारो कामगार रस्त्यावर. कंपनीची मागणी एवढीच की, गव्हर्नरांनी विधिमंडळाचे खास अधिवेशन बोलवावे आणि प्रतिकूल न्यायाधीशापुढून खटला दुसरीकडे नेण्याची मुभा देणारा कायदा करावा. गव्हर्नरांना नमावे लागले. अधिवेशन भरले आणि कायदा झाला. लाच न देताही राज्य गुडघ्यावर आणता येते, हे त्या दिवशी दिसले.

ज्या विधिमंडळावर विश्वास उरला नव्हता, ते स्वतःच्याच पायांत बेडी घालून घेईल, अशी आशा कोणी करावी? मोन्टानाच्या लोकांनी त्याला वळसा घालण्याचा मार्ग काढला. १९०६ साली राज्यघटनेत दुरुस्ती होऊन मतदारांना स्वतः कायद्याचा मसुदा मांडून त्यावर थेट मतदान करण्याचा हक्क मिळाला. या हक्काचा उपयोग करून १९१२ साली त्यांनी भ्रष्ट निवडणूक व्यवहारांविरुद्धचा कायदा मोठ्या बहुमताने संमत केला. उमेदवाराला किंवा पक्षाला निवडणुकीसाठी कंपन्यांनी पैसा देऊ नये, असा दंडक त्याने घातला. विधिमंडळाने केलेला हा कायदा नव्हे. खाणकामगार, शेतकरी, दुकानदार यांनी मतपेटीतून केलेला कायदा तो. म्हणूनच पुढे शंभर वर्षे मोन्टानाच्या लोकांनी तो जिवापाड जपला.

परंतु इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने येथे भाबडे होऊन चालणार नाही. कायद्याने देणगी बंद केली; प्रभाव बंद केला नाही. ‘कंपनी’ने राज्यातील बहुतेक मोठी दैनिके हळूहळू आपल्या मालकीची करून घेतली. एखादा उमेदवार तिला नकोसा झाला, तर त्याच्यावर टीका करण्याचीही गरज नव्हती. त्याचे नावच छापावयाचे नाही, म्हणजे झाले. ही वृत्तपत्रे तिने विकली ती थेट १९५९ साली. तोपर्यंत १९१२ चा कायदा पुस्तकात जसाच्या तसा होता आणि कंपनीचे वजनही राज्यात जसेच्या तसे होते.

खरा पालट झाला तो १९७० नंतरच्या दशकात. १९७२ साली मोन्टानाने नवी राज्यघटना स्वीकारली. सरकारी कागदपत्रे पाहण्याचा आणि सरकारी विचारविनिमयाला हजर राहण्याचा नागरिकांचा हक्क तीत स्पष्ट शब्दांत नोंदविला गेला. त्याच वर्षी वॉटरगेटचे प्रकरण सुरू झाले आणि १९७४ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पद सोडावे लागले. निवडणूक निधीचा लपविलेला पैसा कोठवर पोहोचतो, हे त्या प्रकरणाने सर्व देशाला दाखविले. अनेक राज्यांनी त्या काळात निवडणूक निधीवर देखरेख करणाऱ्या कचेऱ्या उघडल्या. मोन्टानाची कचेरी १९७५ साली निर्माण झाली. तिच्या प्रमुखाला आज राजकीय व्यवहार आयुक्त म्हणतात.

या पदाची घडण मोठ्या विचाराने केलेली आहे. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांतील दोन्ही पक्षांचे नेते मिळून नावे सुचवितात, गव्हर्नर नेमणूक करतात आणि राज्याच्या सिनेटने तिला मान्यता द्यावयाची असते. मुदत सहा वर्षांची आणि ती एकदाच. पुन्हा नेमणूक नाही. ज्याला पुन्हा नेमणुकीची आशा नाही, त्याला कोणाची मर्जी सांभाळण्याचे कारण उरत नाही. पदावर असताना त्याने कोणाच्या प्रचारात भाग घ्यावयाचा नाही आणि कोणाला देणगीही द्यावयाची नाही.

कामाची रीत साधी आहे. प्रत्येक उमेदवाराने एक खजिनदार नेमावा, निवडणुकीच्या पैशासाठी बँकेत स्वतंत्र खाते उघडावे आणि ठरलेल्या तारखांना जमाखर्च सादर करावा. लहान रकमा सोडल्या तर प्रत्येक देणगीदाराचे नाव, पत्ता आणि व्यवसाय लिहावयाचा. ही लहान रक्कम पुष्कळ वर्षे ३५ डॉलर धरली जात होती. एका व्यक्तीने किती द्यावे यालाही बंधन. १९९४ साली मतदारांनीच थेट मतदानाने या मर्यादा कडक केल्या. २०१२ च्या सुमारास विधिमंडळाच्या उमेदवाराला एका व्यक्तीकडून २०० डॉलरही घेता येत नसत. २०२१ साली विधिमंडळाने या मर्यादा वाढविल्या. हे हिशेब कोणाही नागरिकाला पाहता येतात आणि त्यांत खोट आढळली तर कोणीही तक्रार करू शकतो. आयुक्त चौकशी करून निर्णय प्रसिद्ध करतात. प्रकरण आधी स्थानिक सरकारी वकिलाकडे जाते; त्याने ते हाती घेतले नाही, तर आयुक्त स्वतः दावा दाखल करू शकतात. बेकायदा देणगीच्या तिप्पट रकमेपर्यंत दंड होऊ शकतो.

या कचेरीची कसोटी २०१० पासून लागली. त्या वर्षीच्या २१ जानेवारीस अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘सिटिझन्स युनायटेड’ खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला. उमेदवाराशी संगनमत न करता निवडणुकीच्या प्रचारावर स्वतंत्रपणे पैसा खर्च करण्याचा कंपन्यांचा हक्क हा भाषणस्वातंत्र्याचाच भाग आहे, असे न्यायालय म्हणाले. लगोलग एका संघटनेने मोन्टानाच्या १९१२ च्या कायद्याला आव्हान दिले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर २०११ रोजी पाच विरुद्ध दोन मतांनी कायदा उचलून धरला. निकालपत्रात न्यायमूर्तींनी क्लार्क, डेली आणि तांब्याची कंपनी यांचा सारा इतिहास सांगितला. हा कायदा आम्ही लहरीने केलेला नाही. पोळलेल्या माणसाने केलेला आहे, असा त्याचा आशय होता. ज्यांनी विरुद्ध मत दिले त्यांतील एका न्यायमूर्तीलाही कंपन्यांना माणसाचे हक्क देणे मनातून पटले नव्हते. परंतु वरिष्ठ न्यायालयाचा निकाल आपणांस बांधतो, एवढ्यासाठी त्याने तसे मत दिले.

वॉशिंग्टनला या इतिहासाची मातब्बरी वाटली नाही. २५ जून २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तोंडी युक्तिवादही न ऐकता, पाच विरुद्ध चार मतांनी, अगदी थोडक्या शब्दांत मोन्टानाचा निकाल फिरविला. खाणकामगारांच्या मतांनी झालेला कायदा शंभराव्या वर्षी असा कोसळला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मोन्टानाच्या सुमारे पाऊणशे टक्के मतदारांनी, कंपनी म्हणजे माणूस नव्हे, हे राज्याचे धोरण असावे असा कौल दिला. त्या कौलाने न्यायालयाचा निकाल बदलणार नव्हता. पण लोकांचे मन कळले.

आता सारे संपले, असेच कोणालाही वाटले असते. पण हिशेबाची वही उरली होती. कंपन्यांना खर्च करू द्या, असे न्यायालय म्हणाले; खर्च कोणी केला ते सांगू नका, असे म्हणाले नाही. उमेदवाराशी संगनमत करून केलेला खर्च ही देणगीच होय, हा नियमही अबाधित होता. आणि संगनमताचा पुरावा अनपेक्षित वाटेने चालत आला. कोलोरॅडो राज्यात डेन्व्हर शहराजवळच्या एका घरात कागदपत्रांच्या काही पेट्या सापडल्या आणि त्या मोन्टानाच्या आयुक्तांच्या कचेरीत पोहोचल्या. त्यांत मोन्टानातील उमेदवारांच्या नावांच्या फायली होत्या; पत्रांचे मसुदे होते; सह्या होत्या.

या कचेरीला फार मोठे मनुष्यबळ नव्हते. २०१० नंतरच्या दोन-तीन वर्षांत तिच्या खुर्चीवर एकामागून एक माणसे बदलली. एका नेमणुकीला तर सिनेटने मान्यताच दिली नाही. अखेर २०१३ साली जोनाथन मॉटल यांनी सूत्रे हाती घेतली आणि जुन्या तक्रारींचा निकाल लावण्यास सुरुवात केली. त्यांतील एक प्रकरण आर्ट विटिच यांचे. हे गृहस्थ राज्याच्या सिनेटात बहुमत पक्षाचे नेते राहिलेले. २०१० च्या पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांनी एका संघटनासमूहाकडून पत्रे आणि प्रचाराची इतर मदत घेतली आणि ती हिशेबात दाखविली नाही, असा आयुक्तांचा दावा होता. २०१६ साली हेलेना येथे बारा सामान्य नागरिकांच्या ज्युरीपुढे हा खटला चालला आणि ज्युरीने निर्णय विटिच यांच्याविरुद्ध दिला. न्यायालयाने ६८,२३२ डॉलर दंड केला आणि पुढच्या वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. १८९९ साली याच गावात ३०,००० डॉलरांच्या नोटा डोळ्यांसमोर असताना कोणाला शिक्षा झाली नव्हती. ११७ वर्षांनी त्याच गावात पत्रांच्या मसुद्यांवरून आणि फायलींवरून एका वजनदार पुढाऱ्याला जाब द्यावा लागला. मधल्या काळात माणसाचा स्वभाव बदलला नव्हता. बदलले होते एवढेच की, हिशेब मागणे हे कोणाचे तरी नेमून दिलेले काम झाले होते.

याच सुमारास, २०१५ साली, विधिमंडळाने आणखी एक कायदा केला. मतदानाच्या आधीच्या काळात उमेदवाराचे नाव घेऊन प्रचार करणाऱ्या संघटनांनी, त्या धर्मादाय किंवा सामाजिक म्हणविणाऱ्या असल्या तरी, पैसा कोठून आला हे जाहीर करावे, असे त्याने ठरविले. हा कायदा रिपब्लिकन बहुमत असलेल्या विधिमंडळात दोन्ही पक्षांच्या सभासदांनी मिळून संमत केला आणि डेमोक्रॅटिक गव्हर्नरांनी त्यावर सही केली, ही गोष्ट विशेष आहे.

श्रोतेहो, ही परदेशची गोष्ट आपल्याला तितकीशी परकी नाही. १९५७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने राजकीय पक्षांना देणग्या देण्याची मुभा आपल्या नियमपत्रात घालण्यासाठी परवानगी मागितली. तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश महमदअली करीम छागला यांनी कायद्याप्रमाणे परवानगी दिली. परंतु हा पैसा लोकशाहीचा गळा घोटू शकतो, याचा संसदेने विचार करावा, असा इशाराही दिला. १९६० साली संसदेने अशा देणग्यांना मर्यादा घातली, १९६९ साली त्या साफ बंद केल्या आणि १९८५ साली पुन्हा सुरू केल्या. २०१८ साली निवडणूक रोखे आले. त्यांत देणगीदाराचे नाव मतदाराला कळत नसे. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मतदाराच्या माहितीच्या हक्काचा आधार घेऊन ती योजना रद्द केली. मोन्टानातही शेवटी टिकला तो हाच हक्क.

राज्याच्या पातळीवरची अशी कचेरी तर आपल्या घराशेजारीच आहे. १९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी पंचायती व नगरपालिका यांच्या निवडणुका प्रत्येक राज्याच्या स्वतंत्र निवडणूक आयोगाकडे सोपविल्या. इंदूर आणि ग्वाल्हेरच्या महापालिकांची निवडणूक मध्य प्रदेशचा आयोग घेतो, बेळगावची कर्नाटकाचा आणि वडोदऱ्याची गुजरातचा. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतील खर्चाचा हिशेब योग्य कारणावाचून वेळेत न देणाऱ्याला अपात्र ठरविता येते. साधा फॉर्म भरावयाचा राहिला म्हणून सभासदत्व गेले, अशी कुरकुर आपण ऐकतो. पण तो फॉर्म म्हणजेच ती वही होय.

मात्र वहीची मर्यादाही सांगितली पाहिजे. वही पैसा थांबवीत नाही. पैसा कोठून आला एवढेच ती सांगते. ती वाचणारा कोणी नसेल, तर ती कपाटात वाळवीच्या धनी होते. मोन्टानातही आयुक्तांपुढे आलेली प्रकरणे पुष्कळदा नागरिकांच्या तक्रारींतून सुरू झाली. कचेरीने पुढे काम केले. बंदीचा कायदा मोठा दिसतो, त्याला टाळ्या मिळतात, आणि एखाद्या दिवशी तो एका निकालाने जातो. जमाखर्चाच्या कागदाला टाळ्या मिळत नाहीत. पण पुढच्या निवडणुकीत आपल्या वॉर्डातल्या उमेदवाराने किती खर्च केला आणि तो कोणाच्या पैशाने, हे आयोगाच्या कचेरीत जाऊन विचारणारा एक मतदार जरी निघाला, तरी त्या कागदाचे चीज झाले असे समजावे.